चोवीस महिन्यांचा दर

रविवारी सकाळी दहाला वल्लरी जुरोंग ईस्टहून निघाली आणि दोन गाड्या बदलून सव्वाअकराला सेंगकांगला भावाच्या फ्लॅटमध्ये पोहोचली. आईच्या, म्हणजे संजीवनीबाईंच्या, वर्षश्राद्धानंतर या घरात सगळे एकत्र बसण्याची ही पहिलीच वेळ, आणि कारण काय, तर विजेचा दर. घराचा करार शुक्रवारी संपत होता. कंपनीचा ईमेल आला होता: चोवीस महिन्यांसाठी दर बांधून घ्या, नाहीतर बारा, नाहीतर दर तीन महिन्यांनी बदलणाऱ्या सरकारी दरावर परत जा. तिन्ही आकडे गेल्या खेपेपेक्षा चढेच होते. एरवी तिच्या भावाने, प्रबोधने, बसल्या जागी बटण दाबून विषय संपवला असता. पण घरात आता चोवीस तास चालणारं मशीन होतं, आणि मशीन म्हटलं की बाबा आले, बाबा आले की वल्लरीला विचारणं आलं.

बाबा, म्हणजे दीनानाथ, मधल्या खुर्चीत बसले होते. नाकाला नळी, नळीचं दुसरं टोक त्यांच्या खोलीत, तिथे ते ऑक्सिजनचं मशीन घुर्र घुर्र करत होतं. इथे परदेशात मुलाकडे येण्याआधी वीज मंडळात चौतीस वर्षं, त्यातली शेवटची नऊ वीजचोरी पकडणाऱ्या भरारी पथकात. सातारा जिल्ह्यात तारांवर आकडे टाकणाऱ्यांच्या मनात त्यांच्या जीपची धडकी असे. आरडाओरडा कधी करायचे नाहीत. सापडलेला आकडा आधी टेबलावर ठेवायचे, समोरच्याला तो नीट बघू द्यायचे, आणि मग पंचनामा. निम्मे लोक आकडा बघूनच कबूल व्हायचे.

आजही त्यांनी सवयीप्रमाणे आपली वही आधी टेबलावर ठेवली.

"रोज सकाळ-संध्याकाळ रीडिंग घेतलंय. कॉरिडॉरमधल्या मीटरपर्यंत स्वतः चालत जाऊन," ते म्हणाले. चार शब्दांनंतर थांबावं लागत होतं, पण थांबल्यासारखं ते दाखवत नसत. "गेल्या तीन आठवड्यांत युनिटं उतरली आहेत. एसीच्या जाळ्या धुऊन घेतल्या ना मी, त्याचा गुण. वापर उतरतोय तर दोन वर्षं कशाला बांधून घ्यायचं? दर तीन महिन्यांनी बदलणारा दरच बरा."

"पण बाबा, तो दर वाढतच चाललाय," प्रबोध म्हणाला. "गॅस महागला की इथे वीज महागते. पुढच्या तिमाहीत काय होईल, कोण सांगणार? बांधून घेतलं की निदान झोप तरी लागेल."

"तुला झोप लागते की रे. घोरण्याचा आवाज माझ्या मशीनवर चढतो."

भार्गवी खुदकन हसली. सतरा वर्षांची ही नात आजोबांची एकमेव उघड पाठीराखी होती. वल्लरीही हसली, पण तिचं लक्ष वहिनीकडे होतं.

सुलेखा ओट्याशी पोहे परतत होती आणि एक शब्द बोलत नव्हती. नणंद-भावजयीचं तसं वाकडं नव्हतं, पण आई गेल्यापासून दोघींमध्ये काहीतरी जपून ठेवल्यासारखं झालं होतं. आईचं दुखणं वल्लरीला उशिरा कळवलं गेलं, हे ती विसरली नव्हती. सुलेखाने ते मुद्दाम केलं नव्हतं, हेही तिला माहीत होतं. माहीत असूनही राग येतो तसा तिला येत असे.

"मला वाटतं, बारा महिन्यांचा घ्यावा," वल्लरी म्हणाली. "मधला मार्ग."

पोह्यांवर झाकण ठेवल्याचा आवाज तेवढा झाला.

वल्लरीला आपल्या वाक्याची चूक ते तोंडातून सुटल्यावर कळली. गेल्या महिन्यात हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये डॉक्टरांनी तिला आणि प्रबोधला बाजूला घेतलं होतं. फुप्फुसं कडक होत चालली आहेत, मशीन दिवसरात्र चालू ठेवलं तर वर्ष, कदाचित त्याहून थोडं जास्त. मशीनशिवाय मात्र झपाट्याने. हे बाबांना सांगायचं नाही असं दोघांचं ठरलं होतं. आणि आता तिने, हुशार वल्लरीने, बाबांसमोर टेबलावर बारा महिने ठेवले होते.

"बारा का?" दीनानाथांनी शांतपणे विचारलं.

"असंच. दर उतरलेच तर वर्षाने मोकळे होऊ म्हणून."

"हं. मोकळे होऊ," ते म्हणाले आणि वहीवरची धूळ झटकली. धूळ नव्हतीच.

प्रबोधने घाईघाईने विषय सावरला. "आणि मधेच करार सोडला तर दंड आहे, तोही बघायला हवा. भार्गवी, तू ते ॲप काढ ना. आपला नक्की वापर किती ते बघू आणि ठरवू. आजोबांची वही आहेच, पण—"

"पण काय? मीटरवर अविश्वास की माझ्यावर?"

"तसं नाही, बाबा."

भार्गवीने फोन काढला आणि तिच्या इंग्रजी-मराठी खिचडीत, इथल्या पोरांसारखं 'लाह' लावत म्हणाली, "आजोबा, युअर बुक सो ओल्ड-स्कूल लाह. न्यू मीटर आहे आपला. इट सेंड्स डेटा एव्हरी हाफ अवर. सगळं दिसतं."

"काय दिसतं?"

"प्रत्येक अर्ध्या तासाला किती वीज वापरली ते. एक दिवस लेट येतं, बट स्टिल."

दीनानाथांचा हात वहीवर होता, तो तिथेच राहिला. चौतीस वर्षांत त्यांनी पाहिलेला मीटर मुका होता. महिन्यातून एकदा माणूस जाई, आकडा उतरवून घेई. मधल्या दिवसांत कुणी काय केलं, हे मीटर कधी सांगत नसे, ते शोधायला भरारी पथक लागे. मीटर बदलून दोन वर्षं झाली, त्यांनीच नव्या डब्याचं कौतुक केलं होतं. तो बोलतो, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"राहू दे गं," ते म्हणाले. "पोहे गार होतील."

पण भार्गवीने फोन टेबलाच्या मध्यावर ठेवला होता. शुक्रवारची निळ्या खांबांची एक रांग, अर्ध्या तासाला एक खांब. रात्री उंच, कारण एसी. सकाळी जरा कमी. आणि मग एकच्या ठोक्याला खाली, सहा खांब कापून काढल्यासारखे बुटके, आणि चारला परत वर.

"हे काय?" प्रबोध वाकला.

"डोन्नो. कालचं बघ." तिने बोट सरकवलं. काल खांब बुटके नव्हते, शनिवार होता. गुरुवारी, एक ते चार. त्याच्या आदल्या दिवशी, एक ते चार. सोमवार ते शुक्रवार, तीन आठवडे, एक ते चार. शनिवार-रविवार मात्र सपाट.

हिशोब करायला इंजिनिअर लागत नव्हता. सकाळची मदतनीस बाई एकला जाते. भार्गवी सव्वाचारला येते. मधल्या वेळात घरात एकच माणूस असतो, आणि त्याच्या खोलीत एकच मशीन.

"बाबा," वल्लरी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "तुम्ही मशीन बंद करता?"

दीनानाथांनी वही उचलून मांडीवर घेतली.

"रोज तीन तास? बाबा, अहो, डॉक्टरांनी एक मिनिटसुद्धा—" ती उठली, परत बसली. आणि मग तिची मान आपोआप ओट्याकडे वळली. "वहिनी, तू काय बोललीस त्यांना?"

सुलेखाच्या हातात चार बश्या होत्या. त्या तिने खाली ठेवल्या. "मी?"

"बिलावरून काहीतरी बोलली असशील. बाबा उगाच असं करणार नाहीत."

आता खरं सांगायचं तर सुलेखा बोलली होती. महिन्यापूर्वी, बिल हातात घेऊन, प्रबोधशी, याच ओट्यापाशी. "हे मशीन असंच चालणार असेल तर आपल्याला कुठेतरी हात आखडता घ्यावा लागेल," एवढंच. भार्गवीच्या ट्यूशनबद्दल बोलणं चाललं होतं. बाबांच्या खोलीचं दार उघडं होतं, हे तिला नंतर दिसलं, आणि त्या दिवसापासून ते वाक्य तिच्या मनात सलत होतं. आज ते चव्हाट्यावर आलं.

"मी बोलले होते," ती म्हणाली. "पण त्यांना नाही."

"मला वाटलंच," प्रबोध हळूच म्हणाला. ते त्याने म्हणायला नको होतं. अठरा वर्षांच्या संसारात सुलेखाने त्याच्याकडून याहून मोठमोठी वाक्यं ऐकली होती, पण एवढं लागलेलं एकही नव्हतं.

"तुला काय वाटलं होतं?"

"सुलेखा, आत्ता नको."

"नाही, सांग ना. मी सासऱ्यांचा श्वास मोजून विजेचं बिल भरते, असं वाटलं होतं?"

"मम्मी, चिल," भार्गवी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आपण फोन काढला नसता तर, असं तिला वाटत होतं.

सुलेखाने बाबांकडे पाहिलं. त्यांनी एक शब्द बोलावा, एवढीच तिची अपेक्षा होती. 'तिचं काही नाही यात,' बस्स. मान हलवली असती तरी चाललं असतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले, समोरच्या ब्लॉकच्या बांबूंवर वाळणाऱ्या कपड्यांकडे. शेवटी म्हणाले, "मला जरा आडवं व्हायचंय."

त्यानंतर निर्णय पाच मिनिटांत झाला. चोवीस महिने. प्रबोधने सगळ्यांसमोर बटण दाबलं आणि वल्लरीने मान डोलावली. वाद करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, कारण आता तो विजेचा दर नव्हता, ते प्रायश्चित्त होतं. मग प्रबोधने लाल चिकटपट्टी आणली आणि बाबांच्या खोलीतल्या भिंतीवरचं मशीनचं बटण चालू अवस्थेत चिकटवून टाकलं.

"बाबा, आता बिलाचा विचार करायचा नाही. दोन वर्षं काळजी मिटली," तो पलंगाजवळ उभा राहून म्हणाला.

"दोन वर्षं," दीनानाथ म्हणाले.

सोमवारी प्रबोध रजा घेऊन घरी थांबला. मंगळवारी कामावर गेला. सुलेखा या दोन दिवसांत घरात लागेल तेवढंच बोलली. ऑफिसात स्क्रीनकडे बघताना तिला ते बुटके खांब दिसत. कधी तिला स्वतःची लाज वाटे, कधी भयंकर राग येई, आणि दोन्हींतलं खरं कोणतं ते समजत नसे. बुधवारी दुपारी बाराला ती मॅनेजरला म्हणाली, उरलेलं काम घरून करते. मनात एकच होतं: बाबांजवळ बसायचं, हवं तर माफी मागायची, आणि एकदाच विचारायचं की माझ्यासाठी एक शब्द का नाही बोललात.

पावणेदोनला तिने कुलूप उघडलं. घर शांत होतं. आधी तिला कळलंच नाही की काय वेगळं आहे. चपला काढता काढता कळलं. घुरघुर नव्हती.

खोलीचं दार लोटलेलं होतं. आत उकडत होतं, तापलेल्या लोखंडाचा वास होता. भिंतीवरची लाल पट्टी जिथल्या तिथे होती. मशीनच्या अंगावरचं छोटं बटण मात्र बंद होतं. शेजारच्या प्लगमध्ये इस्त्रीची वायर, आणि टेबलाच्या कडेला, फरशीच्या एका तुकड्यावर, इस्त्री उभी करून ठेवलेली. तिचा लाल दिवा लागला, विझला. थोड्या वेळाने पुन्हा लागला.

दीनानाथ पलंगावर उशांना टेकून बसले होते. ओठांच्या कडा निळसर. डोळे उघडे.

"आज लवकर?" त्यांनी विचारलं.

सुलेखा बोलली नाही. तिने आधी मशीन चालू केलं, नळी त्यांच्या नाकात बसवली, इस्त्रीचा प्लग ओढला. त्यांच्या बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा छोटा चिमटा लावला. ब्याऐंशी. ती आकड्याकडे बघत उभी राहिली. चौऱ्याऐंशी. सत्त्याऐंशी. नव्वद झाल्यावर तिने चिमटा काढला.

"इस्त्री कशाला?"

"थर्मोस्टॅट असतो तिला. सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवली की लागते, विझते. अर्ध्या तासाची सरासरी धरली तर मशीनइतकीच वीज खाते." ते थांबले, श्वास घेतला. "कालही जमलं होतं. भार्गवीला रेषा सरळ दिसेल."

सुलेखा खाली फरशीवरच बसली. रविवारपासून जे तिच्या डोक्यात घर करून बसलं होतं, ते सगळं एकदम कोसळलं आणि त्याच्या जागी त्याहून वाईट काहीतरी आलं. वीज तेवढीच जळत होती. बिल तेवढंच येणार होतं.

"म्हणजे बिलासाठी नव्हतंच," ती म्हणाली.

"नव्हतं."

"कधीच नव्हतं?"

"नाही गं. तू प्रबोधशी बोललीस ते ऐकलं होतं मी. त्यात वावगं काय होतं? घर चालवणारं माणूस बोलणारच." त्यांनी पाठीमागची उशी सरकवली. "डॉक्टर काय म्हणाले ते मला सांगितलं नाहीत तुम्ही. पण मी पोरांची तोंडं वाचतो. वर्ष. आणि वर्ष म्हणजे या खुर्चीतून त्या पलंगावर, त्या पलंगावरून या खुर्चीत, आणि कुणीतरी धुवायला, कुणीतरी पुसायला. मला नको आहे ते, सुलेखा. दमलोय मी. संजीवनी गेल्यापासून दमलोय."

"मग रविवारी का नाही बोललात?"

"काय बोलणार? पोरांसमोर?"

"माझ्याबद्दल बोलायचं होतं!" ती ओरडली, आणि ओरडल्यावर रडू लागली. "सगळे माझ्याकडे बघत होते. वल्लरी, प्रबोध. माझी मुलगीसुद्धा. तुम्हाला ठाऊक होतं माझी चूक नाही, आणि तुम्ही कपडे बघत बसलात समोरच्या ब्लॉकचे."

दीनानाथांनी मान खाली घातली. भरारी पथकात असताना समोरची माणसं अशी मान खाली घालायची, तेव्हा ते हातातलं पेन ठेवून देत.

"तुझ्यावर घेतलं गेलं, तर मला बरंच झालं," ते हळूच म्हणाले. "खरं कारण कुणी विचारणार नाही, असं वाटलं. वाईट केलं मी. चोरी माझी आणि नाव तुझं."

तिने त्यांना पाणी दिलं. त्यांनी दोन घोट घेतले.

"प्रबोधला सांगू नकोस," ते म्हणाले. "त्याने दोन वर्षं बांधून घेतली आहेत. खुळा आहे, त्याला वाटतं बटण दाबलं की मिळतात."

सुलेखाने पाण्याचा पेला खाली ठेवला. चारपर्यंत ती तिथेच बसून होती, मशीनवर एक हात ठेवून.

संध्याकाळी साडेसातला प्रबोध आला तो फोन पुढे धरूनच. जेवणाची ताटं वाढली होती. भार्गवीही टेबलाशी होती, आणि तिने शेजारची खुर्ची ओढून आजोबांना बसवलं होतं.

"हे बघा, मंगळवारचा आलेख आलाय," प्रबोध म्हणाला. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल झाला होता. "एक ते चार. बघा. एकदम सरळ. वल्लरीला पाठवलाय, ती तर ऑफिसमध्येच रडली म्हणे."

"सो स्ट्रेट, आजोबा," भार्गवीने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. "गुड जॉब लाह."

दीनानाथांनी वरणभात कालवला. घास उचलला नाही.

प्रबोध हात धुऊन बसला आणि सुलेखाकडे न बघता म्हणाला, "झालं ते झालं. मी मनात ठेवलेलं नाही. फक्त इथून पुढे बिलाचा विषय बाबांच्या कानावर नको, एवढं पाळ. बाकी मी काही म्हणत नाही."

त्याला खरोखर वाटत होतं की आपण मोठेपणाने वागतोय.

सुलेखाने आमटीचा डाव खाली ठेवला. ती सासऱ्यांकडे बघत नव्हती. बघायचं नाही, असं तिने दुपारीच ठरवलं होतं. आपण सांगितलं तर तो पुन्हा आपलाच पंचनामा होईल, आणि नाही सांगितलं तर उद्या दुपारी एकला हे घर पुन्हा शांत होईल. यातलं काय करायचं हे तिला अजून कळलं नव्हतं. ती नुसती समोरच्या भांड्यातल्या वाफेकडे बघत होती आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

ते दीनानाथांना दिसलं.

त्यांनी हाताला लागलेला भात ताटाच्या कडेला निपटला. नाकातली नळी नीट केली. दोन श्वास साठवून घेतले.

"प्रबोध, माझ्या खोलीत इस्त्री आहे. ती आण."

"इस्त्री? आत्ता? बाबा, जेवा ना."

"आण. आणि इथे ठेव, टेबलावर. त्या फोनच्या शेजारी."

प्रबोध उठला. बाबांचं काहीतरी बिनसलं असावं असं वाटून त्याने सुलेखाकडे पाहिलं, पण तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. तो आत गेला, इस्त्री घेऊन आला, वायर हातावर गुंडाळलेली. फोनच्या शेजारी त्याने ती ठेवली आणि तसाच उभा राहिला.

"तुझी बायको काही बोलली नव्हती मला," दीनानाथ म्हणाले. "आधी ते लिहून घे. मग बाकीचं सांगतो."

"काय सांगता? बाबा, मला काही कळत नाही."

त्याला खरंच कळलं नव्हतं. भार्गवीला कळलं. तिने इस्त्रीकडे पाहिलं, मग फोनवरच्या त्या सारख्या उंचीच्या निळ्या खांबांकडे, मग आजोबांच्या ओठांकडे. तिने त्यांच्या खांद्यावरचं डोकं उचललं आणि त्यांचा खरकटा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"आजोबा, नको ना," ती मराठीत म्हणाली.

आतल्या खोलीत मशीन चालू होतं.